मत राष्ट्राध्यक्षाला, डोळा न्यायालयावर: अमेरिकेतल्या पुराणमतवादी ख्रिस्ती घराचा हिशोब

तीन लग्नं, कॅसिनोचा धंदा आणि तोंडाला लगाम नाही. रविवारी बायबल काखेत मारून उपासनेला जाणारी माणसं अशा उमेदवाराला मत कसं देतात, हा प्रश्न अमेरिकेबाहेर बहुतेकांना पडतो. २०१६, २०२० आणि २०२४ या तिन्ही वेळी गोऱ्या इव्हँजेलिकल (बायबलचा शब्द अंतिम मानणाऱ्या, येशूवरच्या वैयक्तिक श्रद्धेवर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट) मतदारांतल्या दहापैकी साधारण आठ जणांनी डोनाल्ड ट्रम्प यांना मत दिलं. 'ढोंग' हे उत्तर चटकन सुचतं आणि ते अगदीच खोटं नाही. पण त्यातून फारसं काही उलगडत नाही. १९८० मध्येही याच मतदारांच्या मोठ्या गटानं स्वतः बायबलचे वर्ग घेणाऱ्या जिमी कार्टर यांना सोडून घटस्फोट झालेल्या, चर्चला क्वचित जाणाऱ्या रॉनल्ड रेगन यांना निवडलं होतं. म्हणजे उमेदवाराचं चारित्र्य आणि मत यांची फारकत काही आजची नाही.

ही फारकत समजून घ्यायची तर आधी त्या घराचा आठवडा, पैसा आणि मुलांची शाळा पाहावी लागते. या घराचं बरंचसं आयुष्य सरकारी नव्हे तर स्वतःच्या संस्थांमधून चालतं. त्या संस्थांत सरकारनं किती हात घालायचा, हे शेवटी न्यायाधीश ठरवतात. न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष निवडतो, सिनेट त्यांना मंजुरी देतं आणि ते तहहयात खुर्चीवर राहतात. मत तिथे जातं.

कोणाबद्दल बोलतोय?

प्यू संशोधन केंद्राच्या २०२३-२४ च्या पाहणीत अमेरिकेतल्या ६२ टक्के प्रौढांनी स्वतःला ख्रिस्ती म्हटलं. २००७ मध्ये हाच आकडा ७८ टक्के होता. इव्हँजेलिकल प्रोटेस्टंट साधारण २३ टक्के आहेत. त्याशिवाय परंपरानिष्ठ कॅथलिक आहेत, युटातले मॉर्मन आहेत आणि काळ्या समाजाची चर्चेस आहेत. काळ्या प्रोटेस्टंटांची उपस्थिती, प्रार्थना आणि बायबलवरची श्रद्धा गोऱ्या इव्हँजेलिकलांच्या तोडीस तोड असते, पण त्यांचं मत मोठ्या बहुमतानं डेमोक्रॅटिक पक्षाला जातं. तेव्हा 'बायबल मानतात म्हणून रिपब्लिकन' हे समीकरण इथेच कोलमडतं. वंश, प्रदेश आणि इतिहास यांचा वाटा धर्मशास्त्राइतकाच मोठा आहे.

या लेखातलं घर दक्षिणेतल्या किंवा मध्य-पश्चिमेतल्या गोऱ्या इव्हँजेलिकलांचं आहे, बहुधा सदर्न बॅप्टिस्ट. हा देशातला सर्वांत मोठा प्रोटेस्टंट गट. १८४५ मध्ये, गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी म्हणून पाठवावं की नाही या वादातून तो उत्तरेकडच्या बॅप्टिस्टांपासून फुटला. १९९५ मध्ये त्यांनी ठराव करून याबद्दल माफी मागितली.

आठवडा

रविवारी सकाळी आधी वयोगटानुसार बायबलचे वर्ग, मग तासा-सव्वातासाची उपासना. त्यात निम्मा वेळ पाळकाचं प्रवचन. बुधवारी संध्याकाळी पुन्हा चर्च: मुलांचे वचन-पाठांतराचे गट, मोठ्यांची प्रार्थनासभा, कधी एकत्र जेवण. दक्षिणेतल्या अनेक गावांत बुधवारी शाळा गृहपाठ कमी देतात आणि खेळाचे सामने ठेवत नाहीत. आठवड्यात आणखी एका संध्याकाळी आठ-दहा जणांचा छोटा गट कुणाच्या तरी घरी जमतो. खरी वीण या गटाची. कुणाचं ऑपरेशन झालं की दोन-तीन आठवड्यांच्या जेवणाच्या पाळ्या इथेच लागतात, नोकरी गेली की घरभाड्याची सोय इथूनच होते. 'गरिबाला मदत सरकारनं नव्हे, चर्चनं करावी' हे वाक्य बाहेरच्याला कोरडं वाटतं. ते म्हणणाऱ्यानं ती मदत स्वतः घेतलेली किंवा दिलेली असते. ज्याला कुठलंच चर्च नाही त्याचं काय, याचं उत्तर मात्र या मांडणीत नीटसं मिळत नाही.

डॅलस किंवा शार्लटच्या उपनगरात राहायला गेलेल्या मराठी कुटुंबाला याचा पहिला अनुभव शेजाऱ्याच्या प्रश्नातून येतो: तुम्ही कुठल्या चर्चला जाता? तिकडे ही ओळख काढायची रीत आहे. 'आम्ही हिंदू आहोत' एवढं सरळ सांगितलं तर बहुधा कुणी दुखावत नाही. उन्हाळ्यात चर्चेस मुलांसाठी आठवडाभराचं फुकट किंवा नाममात्र फीचं शिबिर घेतात. खेळ आणि खाऊ उत्तम असतो, पण हेतू शुभवर्तमान सांगण्याचाच असतो आणि तो कुणी लपवत नाही. मूल पाठ केलेली वचनं घेऊन घरी येणार, हे धरूनच नाव घालावं.

पैसा: दशमांश, कर्ज आणि दवाखान्याचं बिल

शिकवण अशी की उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला द्यायचा. तो करपूर्व पगारावर की हातात आलेल्या रकमेवर, हा वाद दर वर्षी रंगतो. प्रत्यक्षात बहुतेक जण दहा टक्क्यांच्या बरेच खाली असतात. करात सूट मिळते म्हणून लोक देतात, हा समजही आता जुना झाला. २०१७ च्या कायद्यानं सरसकट वजावट जवळपास दुप्पट केली. २०१८ साठी जोडप्याला ती २४,००० डॉलर होती. त्यामुळे दहापैकी नऊ घरं दानाची वेगळी वजावट मागतच नाहीत. २०२५ च्या कायद्यानं २०२६ पासून अशा घरांना थोडी सूट परत दिली: एकट्याला १,००० आणि जोडप्याला २,००० डॉलरपर्यंत, तीही रोख दानावर.

कर्जाबद्दलची शिकवण कडक आहे. ऋणको हा धनकोचा दास होतो, हे नीतिसूत्रांतलं वचन घराघरांत पाठ असतं. रेडिओवरून पैशाचा सल्ला देणाऱ्या डेव्ह रॅम्झी यांचा खर्च-नियोजनाचा कोर्स हजारो चर्चेसमध्ये चालतो. आधी अडीअडचणीसाठी १,००० डॉलर बाजूला काढा, मग घरकर्ज सोडून बाकीची कर्जं रकमेनं लहानापासून मोठ्याकडे फेडत जा, मग तीन ते सहा महिन्यांचा खर्च साठवा, त्यानंतर उत्पन्नाचे १५ टक्के निवृत्तीसाठी. गणिताच्या दृष्टीनं सर्वांत जास्त व्याजाचं कर्ज आधी फेडणं फायद्याचं. पण लहान कर्ज संपल्याचा हुरूप माणसाला टिकवून धरतो, असा हा हिशोब आहे. या सवयीच्या माणसाला विद्यार्थ्यांची कर्जं सरकारनं माफ करण्याची कल्पना का खटकते, हे वेगळं सांगायला नको.

सर्वांत कमी माहीत असलेली गोष्ट म्हणजे आरोग्यखर्च वाटून घेणाऱ्या ख्रिस्ती संस्था. विम्याऐवजी सभासद दरमहा ठरलेली रक्कम भरतात आणि त्यातून एकमेकांची बिलं भागवली जातात. २०१० च्या आरोग्यविमा कायद्यानं अशा संस्थांच्या सभासदांना विमासक्तीतून सूट दिली. अट अशी की संस्था ३१ डिसेंबर १९९९ पासून सलग चालू असावी आणि दर वर्षी तिचं स्वतंत्र लेखापरीक्षण व्हावं. विमा नसल्याचा केंद्रीय दंड २०१९ पासून शून्य झाला, पण या संस्था टिकून आहेत, कारण महिन्याची रक्कम विम्याच्या हप्त्यापेक्षा बरीच कमी असते.

कमी का, तेही पाहावं. तंबाखूला बंदी असते, लग्नाबाहेरच्या गरोदरपणाचा खर्च बहुधा वाटला जात नाही, आधीपासूनच्या आजारांना काही वर्षं थांबावं लागतं किंवा मर्यादा असते. दवाखान्यात 'स्वतः पैसे भरणारा' असं सांगून प्रत्येक बाबीचं वेगळं बिल मागायचं, घासाघीस करून सूट मिळवायची आणि मग ते बिल संस्थेकडे पाठवायचं. पैसे यायला काही महिने लागू शकतात, तोवर दवाखान्याचे तगादे आपणच झेलायचे. मुख्य धोका कायदेशीर आहे. हा विमा नव्हे, त्यामुळे बिल भरण्याची हमी नसते आणि विम्याची तक्रार असते तशी राज्याच्या विमा आयुक्ताकडे दाद मागता येत नाही. दुसरा धोका लोकांना फार उशिरा कळतो. वर्षाच्या मध्ये सभासदत्व सुटलं तर 'विमा गेला' असं धरलं जात नाही, म्हणून केवळ त्या कारणावर मधूनच सरकारी बाजारातला विमा घेता येत नाही. नोव्हेंबरात नोंदणी उघडेपर्यंत थांबावं लागतं.

शाळा

घरी शिकवणं १९९३ पर्यंत सगळ्या ५० राज्यांत कायदेशीर झालं. सगळेच घरी शिकवणारे धार्मिक नसतात, पण ही चळवळ कायद्याच्या लढाईत रेटली ती मुख्यतः ख्रिस्ती पालकांनी. राज्याराज्यांतला फरक थक्क करणारा आहे. टेक्ससमध्ये ना नोंदणी, ना परीक्षा: वाचन, शुद्धलेखन, व्याकरण, गणित आणि नागरिकत्व हे पाच विषय मनापासून शिकवले की झालं. मूल आधी सरकारी शाळेत असेल तर नाव काढल्याचं पत्र मात्र द्यायचं. ते न देता मूल पाठवणं थांबवलं की गैरहजेरीची नोटीस दारात येते, आणि नवख्या पालकांची हीच चूक सर्वांत जास्त होते. न्यूयॉर्कमध्ये उलट टोक: १ जुलैपर्यंत इरादापत्र, मग अभ्यासाचा आराखडा, वर्षात चार त्रैमासिक अहवाल, पहिली ते सहावीला ९०० आणि सातवी ते बारावीला ९९० तास, शिवाय वार्षिक मूल्यमापन.

आता मागणी पुढे गेली आहे: सरकारी शाळेवरचा पैसा मुलाच्या मागे फिरावा, म्हणजे पालक निवडतील त्या खासगी शाळेला किंवा घरच्या शिक्षणाला मिळावा. ॲरिझोनानं २०२२ मध्ये ही सोय सर्व मुलांना खुली केली. टेक्ससनं २०२५ मध्ये १ अब्ज डॉलरची योजना मंजूर केली. खासगी शाळेतल्या मुलाला साधारण १०,००० डॉलर, घरी शिकणाऱ्याला २,००० पर्यंत. गंमत म्हणजे निर्णायक विरोध पुराणमतवादी छावणीतूनच झाला. ग्रामीण भागातल्या अनेक रिपब्लिकन आमदारांच्या तालुक्यात खासगी शाळाच नव्हती. घरी शिकवणाऱ्या काही पालकांना भीती होती की सरकारचा पैसा आला की मागून सरकारचा अभ्यासक्रमही येईल. गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी २०२४ च्या पक्षांतर्गत निवडणुकांत विरोध करणाऱ्या आमदारांविरुद्ध उमेदवार उभे केले, अनेकांना पाडलं आणि पुढच्या अधिवेशनात विधेयक पार झालं.

या पक्षांतर्गत निवडणुकांत मतदान फार कमी होतं. मार्चमधली फेरी, मग मेमधली दुसरी फेरी. ज्याला दर बुधवारी प्रार्थनासभेला जायची सवय आहे, तो मेमधल्या एखाद्या मंगळवारी मतदानालाही जातो. शाळा मंडळाच्या निवडणुकाही बऱ्याच ठिकाणी अशाच आडवेळी असतात. या मतदारांची ताकद लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा जास्त दिसते त्यामागे हे मोठं कारण आहे.

न्यायालय

१९६२ आणि १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सरकारी शाळांनी घेतलेली प्रार्थना आणि बायबलवाचन घटनाबाह्य ठरवलं. १९७३ मध्ये 'रो' खटल्यात ७ विरुद्ध २ मतांनी गर्भपाताचा हक्क मान्य झाला. या निकालानं सगळे इव्हँजेलिकल पेटून उठले, ही लोककथा आहे. त्यावेळी तो प्रामुख्यानं कॅथलिकांचा मुद्दा होता. १९७१ मध्ये सदर्न बॅप्टिस्टांनी स्वतः ठराव केला होता की बलात्कार, गर्भातलं गंभीर व्यंग किंवा आईच्या शारीरिक-मानसिक आरोग्याला धोका अशा प्रसंगी गर्भपाताला कायद्यानं वाव असावा.

त्याआधीची ठिणगी करखात्यानं टाकली. वर्णभेद करणाऱ्या खासगी शाळांना करसवलत नाही, असं १९७१ मध्ये न्यायालयानं ठरवलं. वेगवेगळ्या वर्णाच्या तरुण-तरुणींना एकमेकांसोबत फिरायला बंदी घालणाऱ्या बॉब जोन्स विद्यापीठाची सवलत १९७६ मध्ये गेली आणि १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ८ विरुद्ध १ नं ते कायम केलं. मधल्या काळात, १९७८ मध्ये, करखात्यानं सर्व खासगी शाळांसाठी कडक नियम सुचवले आणि संतप्त पत्रांचा पूर आला. गर्भपात आणि करसवलत यांपैकी खरं कारण कोणतं, यावर इतिहासकार अजून भांडतात. दोन्ही धागे १९७९ मध्ये पाळक जेरी फॉलवेल यांच्या 'मॉरल मेजॉरिटी' या राजकीय संघटनेत एकत्र आले, एवढं नक्की. वर्णभेदाचा हा भाग आजच्या चर्चेसमध्ये फारसा सांगितला जात नाही. तो गाळला तर काळ्या बॅप्टिस्टांचं मत वेगळं का जातं, हे कधीच कळणार नाही.

पुढची चाळीस वर्षं न्यायाधीश घडवण्यात गेली. रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या काहींनी ऐनवेळी निराशा केली, म्हणून भरवशाच्या नावांचा आग्रह वाढला. फेब्रुवारी २०१६ मध्ये न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया वारले, सिनेटनं ती जागा अडवून धरली आणि मे महिन्यात ट्रम्प यांनी ११ नावांची यादीच छापली. उमेदवारानं असं आधी कधी केलं नव्हतं. ज्यांना तो माणूस पसंत नव्हता त्यांना हातात धरायला एक कागद मिळाला. गॉर्सच, कॅव्हनॉ आणि बॅरेट अशा तीन नेमणुका झाल्या आणि २४ जून २०२२ ला 'डॉब्स' निकालानं 'रो' रद्द झाला. त्यावेळी नऊपैकी सहा न्यायमूर्ती कॅथलिक होते आणि इव्हँजेलिकल एकही नव्हता. मतं एकांनी द्यायची आणि खुर्चीवर दुसऱ्यांनी बसायचं, कारण कायद्याच्या शिक्षणाची भक्कम परंपरा कॅथलिकांकडे होती.

गर्भपाताइतकेच महत्त्वाचे निकाल धर्मस्वातंत्र्याचे आहेत. २०२२ मध्ये सामन्यानंतर मैदानावर गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या फुटबॉल प्रशिक्षकाच्या बाजूनं निकाल लागला. त्याच वर्षी मेन राज्याला धार्मिक शाळा शिक्षण-अनुदानातून वगळायला मनाई झाली. २०२५ मध्ये मेरीलँडमधल्या पालकांना समलैंगिक पात्रांच्या गोष्टींच्या तासाला मुलांना न बसवण्याची मुभा मिळाली. त्या खटल्यात पुढे होतं ते एक मुस्लिम कुटुंब. सगळं मनासारखं होत नाही: ओक्लाहोमातल्या सरकारी पैशावरच्या कॅथलिक शाळेचा खटला मे २०२५ मध्ये ४-४ असा अडकला, खालच्या न्यायालयाचा निकाल कायम राहिला आणि शाळा हरली.

धर्मस्वातंत्र्याचा हाच मुद्दा भारतापर्यंत पोहोचतो. १९९८ चा आंतरराष्ट्रीय धर्मस्वातंत्र्य कायदा व्हावा म्हणून इव्हँजेलिकल संघटनांनी जोर लावला होता. त्यातून उभा राहिलेला आयोग २०२० पासून भारताला विशेष चिंतेच्या देशांत घालण्याची शिफारस करतो आणि आपल्याकडे दर वर्षी त्याची बातमी होते. परदेशी निधीवरच्या निर्बंधांमुळे गरीब मुलांचा खर्च उचलणारी ख्रिस्ती संस्था 'कम्पॅशन इंटरनॅशनल' २०१७ मध्ये भारतातून बाहेर पडली, तेव्हा अमेरिकेतल्या असंख्य घरांत फ्रीजवर लावलेले भारतीय मुलांचे फोटो आणि दरमहाचे चेक एकदम थांबले. भारताबद्दल या मतदाराचं मत बरंचसं अशा धाग्यांतून बनतं.

व्यासपीठावरून काय बोलता येतं

१९५४ च्या जॉन्सन दुरुस्तीनुसार करमुक्त संस्थेला उमेदवाराचा प्रचार करता येत नाही. पाळकानं गर्भपातावर बोललं तर चालतं, मतदार नोंदणी चालते, मर्यादेत राहून सार्वमताच्या प्रश्नावर भूमिका घेता येते. 'अमक्याला मत द्या' चालत नाही. प्रत्यक्षात करखातं डोळेझाक करतं. या नियमाखाली सवलत गमावलेलं एकच चर्च ठळकपणे सांगितलं जातं. न्यूयॉर्क राज्यातल्या त्या चर्चनं १९९२ मध्ये क्लिंटन यांच्याविरुद्ध वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या होत्या. जुलै २०२५ मध्ये करखात्यानं न्यायालयात सांगितलं की पाळकानं उपासनेत आपल्याच मंडळीशी बोलणं या बंदीत येत नाही. तरी अनेक पाळक नावं घेणं टाळतात. बाकावर बसलेल्यांत दोन मतं असतील तर दशमांश अर्धा होतो, हे त्यांना करखात्यापेक्षा चांगलं कळतं.

'डॉब्स'नंतर

जिंकल्यावर अडचण सुरू झाली. प्रश्न राज्यांकडे गेला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये कॅन्ससनं, तेही रिपब्लिकन राज्यानं, गर्भपाताचं संरक्षण काढायचा प्रस्ताव साधारण ५९ विरुद्ध ४१ टक्क्यांनी फेटाळला. २०२३ मध्ये ओहायोनं हक्क थेट राज्यघटनेत घातला. गर्भपाताच्या गोळ्या टपालानं येतात, शेजारचं राज्य गाडीच्या अंतरावर असतं, त्यामुळे देशातला गर्भपातांचा एकूण आकडा खाली आला नाही. जुलै २०२४ मध्ये रिपब्लिकन जाहीरनाम्यातून देशव्यापी बंदीची जुनी भाषा गेली. चाळीस वर्षं मतं दिलेल्यांना ते लागलं, पण मत फिरलं नाही. जायला दुसरी जागा नव्हती. स्थलांतरितांवरची कारवाई आणि परदेशी मदतीतली कपात यांवरही हेच झालं: निर्वासितांना वसवणाऱ्या ख्रिस्ती संस्था नाराज, २००३ मध्ये जॉर्ज बुश यांनी सुरू केलेल्या एड्स-निवारण कार्यक्रमासाठी झटलेले लोक अस्वस्थ, आणि मतपेटीत फारसा फरक नाही.

खरी कसोटी टेस्ट-ट्यूब बेबीवर लागते आहे. जीवन गर्भधारणेपासून सुरू होतं हे मानलं, तर प्रयोगशाळेत गोठवलेल्या आणि टाकून दिलेल्या भ्रूणांचं काय? फेब्रुवारी २०२४ मध्ये अलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयानं अशा भ्रूणांना मूल मानलं. दवाखान्यांनी उपचार थांबवले आणि रिपब्लिकन विधिमंडळानं काही आठवड्यांत डॉक्टरांना संरक्षण देणारा कायदा केला. जूनमध्ये सदर्न बॅप्टिस्टांनी या उपचारांबद्दल सावध करणारा ठराव केला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी हेच उपचार स्वस्त आणि सुलभ करण्याचा आदेश काढला. पाळक या विषयावर प्रवचन क्वचितच देतात. अनेक मंडळ्यांत या उपचारानं झालेली मुलं आहेत, आणि त्यांचे आईवडील बायबलचे वर्ग घेतात.